दोन हँडलचं मशीन

"दहाच मागू या," काका म्हणाले. "पाचात एका हँडलचं मशीन येतं. मग दुसऱ्याने काय शेजारी उभं राहून टाळ्या वाजवायच्या?"

काकूंनी नुसतंच हं केलं. दुपारी बँकेत जायचं होतं, त्याआधी मशीन बघायचं होतं, आणि कॉफीच्या दुकानासाठी कर्ज किती काढायचं ते अजून ठरलं नव्हतं. म्हणजे काकांचं ठरलं होतं. पाच लाखांना दोघांच्या सह्या पुरे होत्या. दहा लाखांना राहतं घर गहाण टाकावं लागणार होतं.

या दोघांचा उभा जन्म एका हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये कॉफी करण्यात गेला होता. काका हँडलच्या वाटीत पूड दाबून ते मशीनला अडकवायचे, काकू दूध फेसाळायच्या, आणि एकमेकांच्या पायात न येता सकाळची गर्दी निपटायची. घरून भांडून आलेले असले तरी कॉफी वेळेवर जायची. मग कँटीन दुसऱ्या ठेकेदाराकडे गेलं आणि त्याच वर्षी काकांचा उजवा हात गेला. अर्धांगाचा झटका सौम्य होता, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांचं काय जातंय म्हणायला.

रबरी चेंडू दाबून दाबून काका कंटाळले. भिंतीकडे तोंड करून बसू लागले. तेव्हा काकूंना एक युक्ती सुचली. काका उठायच्या आत त्या साखरेच्या, कॉफीच्या बरण्यांची झाकणं सैल करून ठेवू लागल्या. पहिल्यांदा झाकण फिरलं तेव्हा काकांचा चेहरा असा उजळला, की पुढे काकूंना थांबवेना. हळूहळू काका चेंडू विसरले आणि दुकानाचं बोलू लागले. आपणच चढवलेल्या माणसाला आता खाली कसं उतरवायचं, ते काकूंना कळत नव्हतं. आणि सही तर त्यांचीही लागणार होती.

जुनी मशीनं दुरुस्त करून विकणारा मेकॅनिक कँटीनपासूनचा ओळखीचा. त्याने दोन हँडलचं मशीन घासूनपुसून ठेवलं होतं. "तुमच्यासाठीच राखून ठेवलंय काका. बघा लावून," तो म्हणाला.

काकांनी पूड दाबली, हँडल खालून टेकवलं आणि उजवीकडे ओढलं. ते निम्म्यावर अडलं. पुन्हा ओढलं, पुन्हा तिथेच. मेकॅनिक पाठ फिरवून उगाचच पाना शोधू लागला. काकूंचा हात सवयीने पुढे गेला आणि एका झटक्यात हँडल जागेवर बसलं.

काका मशीनकडे नाही, त्या हाताकडे बघत राहिले.

"बरण्या तू सैल करून ठेवायचीस?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"हो."

"सगळ्या?"

"साखरेची दोन-तीनदा तुम्हीच उघडलीत," काकू म्हणाल्या. खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं, तरी बोलल्या.

काका रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. त्यांनी खिशातून रुमाल काढून हँडलवर सांडलेली पूड पुसली, दुसऱ्याची वस्तू परत करताना पुसतात तशी, आणि मेकॅनिकला एका हँडलचं मशीन दाखवायला सांगितलं. हिच्या उंचीला बसेल असं बघ, म्हणाले.

बँकेत साहेबांनी किती हवेत विचारलं, तेव्हा काकूंच्या आधी काकाच बोलले, "पाच." मशीन कोण चालवणार, या प्रश्नावर त्यांनी काकूंकडे बोट दाखवलं.

"आणि तुम्ही?"

"मी गिऱ्हाइकांशी बोलेन. इतकी वर्षं कामात ते राहूनच गेलं."

साहेब हसले. काकूंना हसू आलं नाही.

घरी आल्यावर त्या दारातल्या खुर्चीतच टेकल्या. पाय भरून आले होते. काका स्वयंपाकघरात गेले. सकाळच्या घाईत झाकणं सैल करायची राहिली होती, हे काकूंना आत्ता आठवलं. आतून बरणी ओट्यावर घासल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. काकू उठल्या नाहीत. उठायचं नाही, असं त्यांनी मनाला बजावलं.

थोड्या वेळाने काका कॉफीची बरणी छातीशी धरून बाहेर आले.

"जरा उघडून दे गं," म्हणाले.

काकूंनी बरणी घेतली. झाकण चांगलंच आवळलेलं होतं. त्यांनाही जोर लावावा लागला.