चिमटीतलं कापड

"चिमटीत धरायचं नाही मावशी, नुसतं बोट फिरवायचं," मॅनेजर म्हणाले.

"मग डोळ्यांबरोबर हातही बांधा की!" पट्टीआडून मावशींनी ठणकावलं.

प्रयोगशाळेतली पोरं फिसकन हसली. मावशी हसल्या नाहीत. गिरणीच्या तपासणी खात्यात एकतीस वर्षं कापड चाचपण्यात गेली होती, आणि आता ही नवी काच आली होती. मागावरून उतरलेला तागा म्हणे काचेवर जसाच्या तसा बोटांना लागणार, ऑफिसात बसून कोणीही तो तपासणार. मावशींना खरं कापड आणि काच वेगळी ओळखता आली नाही, तर खात्याला कुलूप आणि सहाही जणी घरी. मॅनेजरांनी येताना गाडीतच सांगून टाकलं होतं.

समोर दोन उभ्या चौकटी होत्या. एकीत कापड ताणलेलं, दुसरीत काच. मावशींनी बोट फिरवलं. दोन्ही सारख्याच लागल्या. पुन्हा फिरवलं, तरी तेच.

"सांगा, काच कुठली?" मॅनेजरांना आनंद लपवता येत नव्हता.

"बोटाला फसवलंत, मान्य. पण बाळांनो, कापड अंगठ्याने कळतं." आणि कोणी अडवायच्या आत त्यांनी दोन्ही चौकटींच्या मागून अंगठा लावून चिमटीत धरलं. "डावीकडची काच. वरून जिवंत, मागून मेलेली."

"हे नियमात नव्हतं!" मॅनेजर ओरडले.

"आणि उजवीकडचं कापड खरं, पण खळ फासून दाट भासवलंय. चोळलं की वीण विरळ लागते. तुमच्या काचेने पकडलं का हे?"

काचेने तो तागा सकाळीच पास केला होता. ती काच बनवणाऱ्या मुख्य इंजिनिअर बाईंनी उठून स्वतः चिमटीत कापड चोळलं आणि कपाळावर हात मारला.

"चार वर्षं आम्ही एकच बाजू घासत बसलो! मावशी, मागची बाजू शिकवायला याल आम्हाला?"

मावशींनी पट्टी सोडली. "एकटी नाही यायची. आम्ही सहाजणी आहोत. आणि खातं चालू राहिलं पाहिजे."

"खात्याशिवाय आम्ही शिकणार कुठे?" बाई मॅनेजरांकडे बघत म्हणाल्या. मॅनेजरांनी मान डोलावली.

लिफ्टमधून उतरताना मॅनेजरांनी स्वतःच्या शर्टाची बाही हळूच दोन बोटांत धरली.

"अंगठा खालून लावा, साहेब," मावशी म्हणाल्या.

त्यांनी मुकाट्याने लावला.