जोडीचा फोटो

"आज बरे आहेत. पण भांडू नकोस हं," सरांच्या घराचं दार उघडताच काकू म्हणाल्या.

"भांडायलाच आलेय, काकू," ती चपला काढत म्हणाली.

काकू हसल्या, पण हसू गालातच राहिलं. सरांचा विसराळूपणा आता दुखण्यात जमा झाल्याचं तिच्या कानावर आलं होतं. तरीही ती आली, कारण सकाळी प्रयोगशाळेत तिचं म्हणणं खरं ठरलं होतं आणि सांगायला माणूस नव्हतं. भावाला फोन केला तर तो म्हणाला, "यीस्ट म्हणजे पावातलंच ना? छान, छान." तिच्या घरी दुसरं कोणी नाही, दाराला कुलूप.

वाद जुना. यीस्टच्या इवल्याशा पेशीत डीएनएचे लांबलचक धागे कोंबलेले असतात, तरी त्यांचे स्वतंत्र भाग पडलेले असतात. एकातली उठाठेव शेजारच्यात शिरत नाही. धाग्याला घट्ट धरून बसणारं एक प्रोटीन हे भाग वेगळे राखतं, असं ती म्हणे. सर उडवून लावत. "अगं, सुताचं भेंडोळं पिशवीत टाकलं की आपोआप त्याचे पुंजके होतात. त्याला गवंडी कशाला?" आणि चारचौघांत तिला गवंडीणबाई म्हणत. तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण तिच्याशी इतक्या जिवाच्या आकांताने भांडणारं दुसरं माणूस तिला आयुष्यात भेटलं नाही.

सर खिडकीशी बसले होते. दाढी केलेली, केस विंचरलेले. तिने सकाळी सूक्ष्मदर्शकातून काढलेला फोटो त्यांच्या हातात दिला.

"सर, ते प्रोटीन काढून टाकलं. बघा, धाग्याच्या दोन भागांवर खुणेला लावलेले, एरवी लांब राहणारे हिरवे ठिपके एकमेकांत मिसळलेत."

फोटो एकच होता. जोडीला न छेडलेल्या यीस्टचा फोटो लागतो, नाहीतर तुलना करायची कशाशी? तो तिने मुद्दाम पर्समध्येच ठेवला होता. असा एकटा फोटो कोणी नेला की सर तो न बघताच परत सरकवत. "जोडीचा कुठाय? आधी तो आण, मग तोंड उघड." विद्यार्थी चळचळा कापत. आज तिला तेवढंच ऐकायचं होतं.

सरांनी फोटो जवळ धरला, मग लांब धरला.

"छान आहे हो. हिरवं हिरवं."

"सर, जोडीचा फोटोच नाहीये. मग हे खरं कशावरून?"

काकू पाण्याचा पेला घेऊन दारातच थबकल्या. सरांनी फोटो दोन्ही हातांनी, अदबीने तिच्यापुढे केला.

"नसू दे. तुम्ही एवढ्या लांबून आलात. तुमचं बरोबरच असणार."

तिने फोटो परत घेतला.

"असं नाही म्हणायचं, सर," ती खुर्ची पुढे ओढत म्हणाली. "ठिपके मिसळले ते पेशी आजारी होत्या म्हणून कशावरून नाही? प्रोटीनचा काय संबंध?" आणि सरांच्या बाजूने ती स्वतःशीच तावातावाने भांडू लागली. सर कौतुकाने मान डोलवत ऐकत राहिले.