बायकोच्या बाजूची सीट

गाडी घेताना इनआमने एकच गोष्ट मागितली होती. रंग कुठलाही चालेल म्हणाली, छताला काच नसली तरी चालेल, आणि गाणी वाजवणारे बारा स्पीकर तर नकोतच. "हल्ली बसायची जागा गरम होते म्हणे," ती म्हणाली, "तेवढं मिळालं तर बघा, अबू सुहैल. माझ्या पाठीला बरं पडेल."

फख्रीला, म्हणजे सुहैलच्या बापाला, हे ऐकून गलबलून आलं. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. एकतीस वर्षं त्याने सल्त गावातल्या मुलांच्या शाळेत भूगोल शिकवला, आणि तेवढीच वर्षं एका खडखडत्या पिकअपमधून बायकोला त्या डोंगराळ गावाच्या चढउतारांवरून फिरवलं. तिने कधी हूं की चूं केलं नाही. आता पहिल्यांदा तोंड उघडून मागितलं, तेही इतकंसं. त्याने तिथल्या तिथे शब्द दिला.

आणि झर्का शहराच्या फ्री झोनमध्ये, म्हणजे परदेशी गाड्यांच्या बाजारात, जाऊन उलटंच करून आला. जगातल्या सगळ्या नद्या ज्याला पाठ, त्याला एका विक्रेत्याने दहा मिनिटांत गुंडाळला. तिथे चीनहून आलेली एकच गाडी चार पायऱ्यांत उभी असते, सगळ्यात वरची, तिच्या खालची, आणि अशा उतरत्या. बाहेरून बघाल तर तिला जन्म देणाऱ्या कारखान्यालाही फरक सांगता येणार नाही. वरच्या पायरीच्या गाड्या संपल्या होत्या. तिसऱ्या पायरीची एक ऑलिव्हसारखी हिरवी उरली होती. विक्रेता छातीवर हात ठेवून मास्तरांना म्हणाला, "उस्ताज, गाडी एकच आहे. फरक फक्त सॉफ्टवेअरचा. सगळं आत असतंच, कंपनीने नुसतं कुलूप घातलेलं असतं. मुअय्यदकडे न्या, तो उघडून देईल."

आमच्याकडे या वाक्यावर डॉक्टरापासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांचा विश्वास आहे, कारण ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं गाडी घरी आणल्यावर कळतं.

मुअय्यदचं गॅरेज झोनच्या फाटकाबाहेरच होतं. गाडीची चिनी भाषा काढून अरबी घालायची आणि बंद ठेवलेल्या गोष्टी उघडायच्या, हा त्याचा धंदा. नववीत फख्रीने त्याला दोनदा नापास केलं होतं. पहिल्यांदा अर्ध्या मार्काने.

"या, उस्ताज, या," मुअय्यद लॅपटॉपची वायर गाडीला जोडत म्हणाला. "आज तुमची परीक्षा. पेपर मी तपासणार."

"तपास की. पण अक्षर नीट काढ. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेली माती."

सुरुवात तर झकास झाली. पडद्यावर अरबी आली. दारांतल्या रंगीत दिव्यांच्या पट्ट्या उजळल्या. गाडी रस्त्यावरच्या आपल्या पट्ट्यातून बाहेर सरकली की सांगणारा कॅमेरा काचेमागे आधीपासून होताच, नुसता झोपवून ठेवलेला, तोही जागा झाला. प्रत्येक वेळी फख्री मांडीवर थाप मारी, जणू त्याने एकट्याने कंपनीची तिजोरी फोडली होती. शेवटी पडद्यावर सीटचं छोटं चित्र आलं आणि त्यावर तीन लाल लाटा. फख्री लगबगीने पलीकडच्या सीटवर जाऊन बसला आणि तिन्ही लाटा चालू केल्या.

पाच मिनिटं गेली. सीट होती तशीच थंडगार.

मुअय्यद लॅपटॉपकडे बघत होता. सीटकडे जाणारी वीज शून्य. त्याने सीटची खालची बाजू सोडवली, मोबाइलचा दिवा आत मारला आणि फख्रीला वाकायला सांगितलं. आत एक प्लग लोंबकळत होता. तो जोडायला पुढे काहीच नव्हतं.

"दार उघडलं, उस्ताज, पण पलीकडे खोलीच नाही," तो म्हणाला. "दिवे होते, कॅमेरा होता, ते उघडले. पण गरम होणारी जाळी सीटमध्ये शिवलेली असावी लागते. या पायरीच्या गाडीत कंपनी ती घालतच नाही."

"मग बटण कसं आलं?"

"बटणाचं काय घेऊन बसलात! म्हणाल तर विमानाचंही आणून देतो."

मुअय्यदने सांगून पाहिलं, की बाजारात वरून टाकायची गरम गादी मिळते. पण तशी गादी टाकायची म्हणजे इनआमला सांगणंच झालं, की तू एक गोष्ट मागितलीस आणि मी नेमकी तीच नसलेली गाडी आणली. एखादी वरच्या पायरीची ठोकलेली गाडी मोडायला आली, तर तिची जाळी काढून बसवता येईल, मुअय्यद म्हणाला. पण ती कधी येईल कोण जाणे. उद्या येईल, नाहीतर सहा महिन्यांनी.

बोलता बोलता त्याने थर्मासमधून वेलदोड्याची कडू कॉफी छोट्या कपात ओतून पुढे केली. फख्रीने कप घेतला आणि न पिता शेजारच्या हत्यारांच्या पेटीवर ठेवून दिला.

मुअय्यदचा चेहरा पडला. पाहुणा असा कप खाली ठेवतो, बहुतेकदा सोयरीक जुळवताना, तेव्हा त्याला काहीतरी मागायचं असतं, आणि हो म्हटल्याशिवाय तो पीत नाही. "उस्ताज, मुलगी मागायला आलात का? माझी पोरगी दुसरीत आहे."

"बटण राहू दे," फख्री खाली बघत म्हणाला. "आणि सीटमध्ये काही नाही असा इशारा पडद्यावर येणार असेल, तर त्याचं तोंड बंद कर. जाळी मिळेपर्यंत."

"तुम्ही? मला अर्ध्या मार्कासाठी वर्षभर बसवणारे तुम्ही खोटं बोलणार? आणि काकूंशी?"

"तू हो म्हण. कॉफी निवतेय."

मुअय्यदने कपाळावर हात मारला आणि हो म्हटलं. फख्री कॉफी प्यायला, पण ती त्याला गोड लागली नाही.

शुक्रवारी नवरा-बायको अजलूनला निघाले. तिथे इनआमची थोरली बहीण नजाह राहते, आणि तिच्याकडे जेवायला जायचं ठरलेलंच असतं. नोव्हेंबरचं धुकं होतं. फख्रीने घसा खाकरला, तीन लाटांचं बटण दाखवलं आणि ते कसं चालतं ते पाठ केलेल्या धड्यासारखं सांगितलं. इनआमने ते दाबलं. वाटेतलं जराश गाव मागे पडेपर्यंत ती बाहेरचं धुकं बघत राहिली. फख्रीचं लक्ष रस्त्यापेक्षा तिच्याकडेच जास्त होतं.

"माशा अल्लाह," ती शेवटी म्हणाली. "छान ऊब येतेय हो."

त्याला आधी हायसं वाटलं, आणि पुढच्या वळणापर्यंत मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोचल्यावर ती उतरून गेली तेव्हा त्याने हळूच सीटवर हात ठेवून पाहिला. माणूस तासभर बसल्यावर असते तेवढीच ऊब होती.

जेवणानंतर नजाह गाडी बघायला आली आणि ऐसपैस पुढे बसली. तीन लाटा लावून झाल्या. "कुठे गं गरम?" ती म्हणाली. "मला तर काही कळत नाही. तुझ्या नवऱ्याला कुणीतरी टोपी घातलेली दिसतेय."

फख्री उगाच वाकून टायर बघायला लागला.

"तुझ्या अंगावर चार जाजमं आहेत, नजाह," इनआम शांतपणे म्हणाली. "ऊब आत पोचायला पुढचा शुक्रवार उजाडेल. ऊठ आता, बॅटरी संपवशील."

असे तीन शुक्रवार गेले. ती शेजारणींना सांगे, सुहैलला फोनवर सांगे, की पाठीचं दुखणं निम्म्यावर आलंय. दर कौतुकागणिक फख्री आतल्या आत आक्रसत गेला. ती खरंच फसली असेल, तर आपण किती नीच आहोत, असं त्याला वाटे. रोज सकाळी तो मुअय्यदला फोन करी, आणि मुअय्यद म्हणे, "अजून कुणी ठोकली नाही, उस्ताज. दुआ तरी कशी करू?"

चौथ्या आठवड्यात मंगळवारी फोन उलट दिशेने आला. वरच्या पायरीची एक गाडी मागून चेपलेली आली होती, माणसं सुखरूप होती, आणि पुढची सीट कोरी करकरीत. बॅटरी तपासायची आहे, असं घरी सांगून फख्रीने झर्का गाठलं. मुअय्यदने सीटचं कातडं उकललं, जाळी बसवली, लोंबकळणारा प्लग जोडला. लॅपटॉपवर विजेचा आकडा सरसर चढला. फख्रीने सीटवर हात ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही.

"बस्स. आता तिला काही कळायला नको," तो म्हणाला. "जसं चाललंय तसं चालू दे."

शुक्रवारी पुन्हा धुकं होतं, आणि थंडी आदल्या वेळेपेक्षा जास्त. गाडी गावाबाहेर पडली तशी इनआमने सवयीने पहिली लाट लावली आणि नजाहच्या सुनेचं काहीतरी सांगायला लागली. गोष्टीतली सून चुलीपर्यंतही पोचली नसेल, तोच ती मध्येच थांबली. तिने एक हात मांडीखाली घातला. मग पाठीमागे नेला. फख्री समोर बघत होता.

इनआमला हसू फुटलं. आधी थोडं, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अगंबाई! हे असं असतं होय?" ती म्हणाली. "आणि मी वेडी तीन आठवडे नुसतं 'छान आहे, छान आहे' म्हणत होते! किती कमी बोलले मी, अबू सुहैल! वल्ला, किती कमी!"

फख्रीने गाडी कडेला घेतली. "म्हणजे तुला... कधीपासून?"

"पहिल्याच शुक्रवारी. बर्फाच्या लादीवर बसल्यासारखं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"कसं बोलणार?" तिने ओढणीच्या टोकाने डोळे पुसले. "अडतीस वर्षांत तुम्ही मला पहिल्यांदाच फसवलंत, आणि तेही माझ्या पाठीला ऊब मिळतेय असं मला वाटावं म्हणून. तुमचा तो चेहरा बघून मला तुमचं मन मोडवलं नाही."

बाहेर दोन मेंढपाळ धुक्यातून कळप घेऊन चालले होते, ते पार होईपर्यंत फख्री थांबला.

मग त्याने विचारलं, "वाढवू का अजून एक?"

"वाढवा," इनआम म्हणाली, आणि सीटला पाठ टेकून डोळे मिटले.