पुसलेला डाग

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. पडद्यावर दोन एक्स-रे झळकले आणि सगळ्यांनी एकदमच श्वास रोखला. पहिल्यात फुप्फुसावर लिंबाएवढा पांढरा डाग, दुसऱ्यात डागाचा पत्ताच नाही!

"मी खोटं बोलेन, लेकरांनो," मंचावरच्या बाबांनी डोळे टिपले, "पण यंत्र खोटं बोलेल का? सहा महिने या बाईच्या छातीवरून नुसता हात फिरवला. ना गोळी, ना सुई!"

लोक वेड्यासारखे टाळ्या पिटू लागले. गर्दीत बसलेला दादाही पिटत होता. त्याला क्षय होता, अगदी बरा होणारा, पण हेच चित्र मोबाइलवर पाहून त्याने दोन महिन्यांपूर्वी गोळ्या बंद केल्या होत्या. शेजारी बसलेली त्याची धाकटी बहीण दवाखान्यात एक्स-रे काढायची. 'दागिने काढा, पिना काढा' असं सांगून अठरा वर्षांत तिचा घसा बसला होता, तरी रोज कुणीतरी विसरायचंच. पडद्यावरची बाईही विसरली होती. खांद्याजवळ सेफ्टी पिन दिसत होती.

दोन्ही एक्स-रेंत तीच पिन, तितकीच तिरकी. बहीण ताडकन उठली.

"अहो, सहा महिन्यांनी पिन तसूभरही हलली नाही? हा एकच एक्स-रे आहे! दुसऱ्यात फक्त डाग पुसलाय!"

बाबा गोड हसले. "ऐकलंत? रोग गेला, पण पिनेला धक्का नाही. याला म्हणतात नेम!"

टाळ्यांनी छत उडायची वेळ आली. मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, खाली बसा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दादाला हाताला धरून दवाखान्यात नेलं आणि त्याचा नवा एक्स-रे काढला. त्याचा डाग मागच्या एक्स-रेपेक्षा दुप्पट झाला होता. पण आधी त्याची खात्री पटवायला हवी होती. तिने संगणकावर त्या चित्राची नक्कल केली, बाजूचा काळा तुकडा उचलला आणि डागावर चिकटवला.

"बघ. पुरतं मिनिटही लागलं नाही. हाच त्यांचा चमत्कार. कळलं?"

"कळलं गं. मी काय खुळा आहे?" दादा पडद्याकडे बघत राहिला. स्वच्छ, काळीभोर फुप्फुसं. त्याचीच.

"चित्र कुणीही पुसतं, दादा. छातीतला डाग गोळ्यांनीच जातो. दिसलं ते खरं मानण्याआधी निदान विचारावं तरी, हे कुणी काढलं, कधी काढलं, कुणाच्या फायद्याचं आहे. चल, डॉक्टर बसलेत. आजपासून गोळ्या सुरू."

"उद्या बघू." त्याला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर त्याने खिशातून मोबाइल काढला आणि पुसलेल्या चित्राचा नीट, सरळ धरून फोटो घेतला.

"हा कशाला?" तिचा आवाज चिरकला.

"घरी दाखवतो. सगळे किती काळजीत आहेत."