मंगळवारची आमटी

फ्रिजमध्ये मंगळवारची आमटी शिल्लक आहे, म्हणून आज मंगळवार आहे. मी चार वेळा झोपून उठलो. चारही वेळा दाराशी तोच पेपर पडलेला होता आणि तिसऱ्या पानावर धरणाच्या बातमीत एक ओळ दोनदा छापली गेली होती. एकतीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली. चारही वेळा मी पेन्सिलीने ती जादा ओळ खोडली.

आमच्या इमारतीत सगळ्यांचं असंच आहे. ज्या दिवशीचं अन्न घरात उरलेलं असतं, तो दिवस त्या घरात चालू राहतो. बहुतेक लोक रात्रीपर्यंत संपवतात आणि पुढे जातात. माझ्या पेन्शनीत रोज गॅस पेटवणं परवडत नाही, म्हणून मी एकदा शिजवून दोन दिवस खातो. पुन्हा आलेला दिवस बाहेरच्या अर्ध्या दिवसाएवढाच असतो, त्यामुळे इतरांपेक्षा मी नेहमीच अर्धा-पाऊण दिवस मागे असतो. निवृत्त माणसाचं त्यावाचून काही अडत नाही.

या वेळी मात्र अडलं आहे. गुरुवारी सकाळी मिरजेच्या दवाखान्यात अक्काचं ऑपरेशन आहे.

अक्का माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिने मला वाढवलं आणि त्यात तिचं लग्न राहून गेलं, असं लोक म्हणतात. ती स्वतः असं कधी म्हणाली नाही. मला स्वयंपाक तिनेच शिकवला, तोही फोनवर, माझ्या अडुसष्टाव्या वर्षी. तिची सगळी मापं आठ माणसांची आहेत, कारण आमचं घर आठ माणसांचं होतं. मी वहीत लिहून घेतो आणि आठाने भागतो. मंगळवारी मी डाळ भागली आणि पाणी भागायचं विसरलो. मग आमटी पातळ झाली म्हणून डाळ वाढवली, डाळ वाढली म्हणून चिंच, चिंच वाढली म्हणून गूळ. शेवटी मोठं पातेलं काठोकाठ भरलं.

त्याच दुपारी अक्का आली. मिरजेला जाताना ती मुद्दाम जयसिंगपूरला उतरली होती. माझ्या घरी ती पहिल्यांदाच जेवली. स्टुलावर बसून दोन वाट्या आमटी प्यायली, वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "चांगली झालीय रे, दिगू." तिने माझं काही चांगलं झालंय असं म्हटल्याचं मला आठवत नाही. मी उठून भांडी विसळू लागलो. चारच्या गाडीला ती गेली. जाताना एवढंच म्हणाली की तिला आत नेतील तेव्हा मी दारापाशी असावं. मी हो म्हणालो.

फ्रिजमध्ये आमटी घट्ट होते. गरम करताना पाणी घालावं लागतं, नाहीतर तळाला लागते. पाणी घातलं की ती वाढते. मी एका वेळी दीड वाटी खातो आणि दोन वाट्या पाणी घालतो. गार आणि घट्ट खाल्ली तर ती संपेल, हे मला चौथ्या मंगळवारी सुचलं. अशा गोष्टी मला उशिराच सुचतात. तेव्हापासून गारच खातोय, पातेलं तळाशी आलंय. दुसरं काही शिजवावं तर आमच्या गल्लीतलं किराणा दुकान मंगळवारी बंद असतं.

समोरच्या मगदूमबाई मला जिन्यात भेटल्या. जिना सगळ्यांचा आहे, त्यामुळे तिथे कुठलाच वार नसतो. त्यांच्या हातात कोथिंबिरीची जुडी होती.

"काय ओ काका, अजून मंगळवारातच?"

मी म्हणालो, हो, थोडी आमटी राहिलीय.

"थोडी म्हणताय आणि तोंड असं पातेल्याएवढं केलंय. आम्ही गुरुवारी पोचलो की. ओता जावा मोरीत."

मग त्यांनाच आपलं बोलणं लागलं असावं. जुडीच्या काड्या मोडत त्यांनी सांगितलं की त्यांच्या मिस्टरांनी मागे एका रविवारचा रस्सा ओतून टाकला होता. तो रविवार दोघांच्याही आयुष्यातून गेला. त्या दिवशी नात पहिलं पाऊल टाकत होती म्हणे. फोटो आहे, त्यात नात आहे, तिच्यामागे दोन खुर्च्या आहेत आणि खुर्च्यांवर कोणी नाही. फोटोतल्या नातीचे हात खुर्च्यांकडे पुढे केलेले आहेत.

"ओतू नका मग," त्या म्हणाल्या. "खावा. संपली की आपोआप येताय आमच्यात."

मी घरात आलो तेव्हा फोन वाजत होता. फोनलाही वार नसतो. अक्का बुधवारी दाखल झाल्याचं त्याआधीच कळवून चुकली होती. अकरा नंबरची खाट, खिडकीजवळची. आता ती गुरुवारी सकाळी बोलत होती. साडेदहाला नेणार आहेत, म्हणाली. निघालास का, असं तिने विचारलं. मी निघतोच आहे असं सांगितलं आणि ते खोटं ठरू नये म्हणून चपला घातल्या.

पातेल्यातली आमटी मी कडीच्या डब्यात ओतली. डबा भरून थोडी उरली, ती तिथेच उभ्याने प्यायलो. ती घरी ठेवून जाण्यात अर्थ नव्हता; मिरजेपर्यंत ती संपली असती तर मी वाटेतच गुरुवारात उतरलो असतो. एसटीत मी डबा मांडीवर उघडला. शेजारच्या बाईंनी पदर नाकाला लावला. मला फार संकोच वाटला, म्हणून मी झाकण लावलं आणि उरलेला प्रवास डबा धरून बसलो. वीस मिनिटं माझ्या भिडेपायी गेली.

डबा माझ्या हातात होता, म्हणून दवाखान्यातही मंगळवार होता. अकरा नंबरची खाट रिकामी होती. चादर ताणून घातलेली, उशीवर एक सुरकुती नाही. मी टेबलाशी बसलेल्या सिस्टरना अक्काचं नाव सांगितलं. त्यांनी रजिस्टर पाहिलं.

"त्या उद्या येणार आहेत, आजोबा."

मी म्हटलं, मी थांबतो. त्यांनी स्टूल दाखवलं आणि खाटेवर बसून जेवायचं नाही असं बजावलं. मी खाटेला पाठ न लावता बसलो आणि चमच्याने आमटी खाऊ लागलो. ती गार होती. डाळीचे गोळे झाले होते. पोटात जागा नव्हती, तरी मी एकेक चमचा आत ढकलत होतो. डबा अर्ध्यावर आला तेव्हा फोन वाजला.

"दिगू, त्यांनी मला हिरवा झगा घातलाय. कुठे आहेस तू?"

"तुझ्या खाटेपाशी."

"मग दिसत का नाहीस?"

"मी मंगळवारी आहे."

पलीकडे कुठल्यातरी स्ट्रेचरची चाकं वाजत होती. मी खाटेकडे पाहिलं. चादर ताणलेलीच होती.

"पाणी घातलंस ना परत परत?"

"घातलं."

"कितीदा सांगितलं तुला, आठाने भागत बसू नकोस, डोळ्याने बघ." मग तिचा आवाज खाली आला. "किती उरलीय?"

"अर्धा डबा." बेसिन चार पावलांवर होतं. मी ते पाहत होतो. "अक्का, ओतून टाकू का? आत्ता येतो मग."

"ओतू नकोस. मला खरंच आवडली होती ती."

मी तिला विचारलं, भीती वाटते का. आयुष्यात मी तिला हे कधी विचारलं नव्हतं. ते तिने मला विचारायचं असतं.

"वाटते. म्हणून तर तुला बोलावलं," ती म्हणाली. "पण सावकाश खा. ठसका लागेल."

फोन बंद झाला. मी सावकाश खाल्लं नाही. चमचा बाजूला ठेवून डबाच तोंडाला लावला. घशाशी आलं तरी गिळत राहिलो. सिस्टरनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा रजिस्टरात घातली. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहाला दोन मिनिटं कमी होती. मंगळवारचे साडेदहा, पण काटे सगळीकडे सारखेच असतात.

डब्याच्या तळाशी एक घोट उरला.

तेव्हा मला एक गोष्ट दिसली, जी इतका वेळ दिसली नव्हती. मंगळवारी अजून कोणाला काही झालेलं नाही. मंगळवारी अक्का स्टुलावरून उठते, वाटी विसळायला मागते, मी देत नाही, ती जिना उतरून चारच्या गाडीला जाते. हा घोट खाली गेला की ती तिथे नसेल. ती गुरुवारी असेल, आणि गुरुवारी काय आहे ते मला माहीत नाही.

मी तो घोट तोंडात घेतला. डबा रिकामा झाला.

खाटेच्या चाकांचे ब्रेक एकामागून एक सुटले आणि रिकामी खाट हलली. ती आपणहून दोन रांगांमधून निघाली. मी कठड्याला हात लावून तिच्याबरोबर चालू लागलो. लोखंड गार होतं, फक्त एका जागी, मुठीएवढं, ऊबदार होतं. मी तिथेच हात ठेवला. टेबलापाशी सिस्टरनी पाय आखडून खाटेला वाट दिली. कॉरिडॉरच्या टोकाला ऑपरेशन थिएटरचं काचेचं दार होतं. त्याच्या दोन्ही फळ्या उघडल्या आणि खाट मधोमध थांबली.

चादरीवर अजून सुरकुती नव्हती. उशीच्या मध्ये एक खळगा पडला. तो हळूहळू माझ्या बाजूला सरकला आणि तिथे राहिला.

मी दारापाशी उभा होतो. माझे दोन्ही गाल त्या घोटाने फुगलेले होते.