चौथी फाइल

"टपालबाई, अहो रिपोर्ट कुठाय? लॅबवाले म्हणतात पाठवला. पेशंटचं पोटॅशियम चढतंय इथं!" फोनवर अतिदक्षता विभागाची सिस्टर होती.

"आकडा फोनवर घ्या ना."

"तोंडी आकड्यावर इंजेक्शन द्यायचं नाही, असा हुकूम आहे. माणूस पाठवलाय, पण लॅब पुलापलीकडे. पाऊण तास तरी जाणार."

हॉस्पिटलचा मेल सर्व्हर सांभाळतात म्हणून त्या टपालबाई. रविवारी वर्दळ कमी म्हणून सकाळी त्यांनी सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम नवी केली होती. आधी हे काम पाहणारे सर निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच, एकटीने. नव्या सिस्टिमने तीनदा थांबून विचारलं होतं : ही फाइल तुम्ही बदललेली दिसते, तुमची ठेवू की माझी घालू? तिन्ही वेळा त्यांनी 'माझी ठेव' म्हटलं. वहीत तीन बरोबरच्या खुणा केल्या आणि निवांत चहा घेतला.

आता त्यांनी सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. लॅबची प्रत्येक मेल परत जात होती : पाठवणाऱ्याचा पत्ता अपुरा. लॅबचं जुनं यंत्र पत्ता अर्धाच लिहितं. कालपर्यंत सर्व्हर ते चालवून घेत होता. सकाळी आधीच काढून ठेवलेल्या त्या तीन फाइलींच्या प्रती त्यांनी आजच्या फाइलींशी ताडून पाहिल्या. अक्षराचा फरक नव्हता. चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं. ती सापडेना, तेव्हा त्यांनी सरांचा नंबर फिरवला.

सरांच्या घरी फोन काकूंनी उचलला. "बाल्कनीत कात्री चालवतायत. बोलावते बाई, तेवढीच झाडं वाचतील."

सरांनी सगळं ऐकून घेतलं. "तीनच फाइलींचं विचारलं? चौथीचं नाही?"

"नाही."

पलीकडे कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला.

"नाहीच विचारणार. ती फाइल आपली नव्हे, मेलच्या प्रोग्रॅमची स्वतःची. घाईत मी तिच्यातच तीन ओळी घुसडल्या. दर अपग्रेडला पुसल्या जायच्या, मी गुपचूप परत घालायचो. तुला सांगायचं राहिलं." मग हळू आवाजात, "राहिलं कसलं, लाज वाटली."

"सर, त्या ओळी कुठे लिहून ठेवल्यात?"

"कुठेच नाही. घे लिहून. पण आता आपल्या फोल्डरात, वेगळी फाइल करून."

पहिली ओळ त्यांनी एका दमात सांगितली. दुसरीत अडले. टेबलावरचा दुसरा फोन वाजू लागला, सिस्टरच असणार. बाईंनी तो उचलला नाही. 'सर, आठवा ना' हे शब्द ओठांवर आले, ते गिळले.

"अहो, आधी बसा बघू," काकूंचा आवाज.

"थांब... खालची रेघ, अंडरस्कोर. त्यापुढे बरोबरीचं चिन्ह. हां."

तिसरी ओळ आली. बाईंनी नवी फाइल साठवून मेलची सेवा पुन्हा चालू केली, लॅबला रिपोर्ट परत पाठवायला सांगितलं आणि पडद्याकडे पाहत राहिल्या. एक ओळ सरकली : पोचला.

"आला हो आला!" दुसऱ्या फोनवर सिस्टरने एवढंच म्हणून फोन आपटला.

"पोचला, सर. ओळींच्या वर टीप लिहितेय. तुमचं नाव घालू?"

"छे गं. नुसतं लिही, लॅबचं यंत्र पत्ता अर्धा लिहितं, त्याला सांभाळून घ्यावं."

त्यांनी तसंच लिहिलं, खाली तारीख घातली, वहीत चौथी खूण केली. फोन ठेवायला गेल्या तर पलीकडे तो चालूच होता. सर त्या तीन ओळी पहिल्यापासून म्हणत होते, सावकाश, दुसऱ्या ओळीपाशी थांबून.

बाईंनी फोन ठेवला नाही.