काचेच्या घराचं छप्पर

जानेफळच्या हिंमतराव पाटलानं नागपुरात कुठंसं काचघर पाहिलं आणि त्याच्या डोक्यात किडा शिरला. आपल्या पानवेली काचेखालीच वाढल्या पाहिजेत! काम दिलं उकंडराव सुताराला. नांदुऱ्याहून कडब्यात गुंडाळलेल्या काचा बैलगाडीनं आल्या, वैशाखात काचघर उभं राहिलं. उन्हाळ्यात दारं-खिडक्या गच्च लावल्या की घर थंड राहतं, हे वऱ्हाडात कुणाला शिकवावं लागत नाही. उकंडरावानं तेच केलं. मुंगी शिरणार नाही अशी फट न् फट बुजवली.

तिसऱ्या दिवशी आत शिरलेल्या कोंबडीनं उकडलेलं अंडं घातलं. खोटं वाटत असेल तर जानेफळात विचारा, मीठ लावून खाणारा अजून जिवंत आहे. वेलींनी मात्र माना टाकल्या. पाटलानं बजावलं, उद्या भर दुपारी आपण दोघं घटकाभर आत बसू. आत बसवलं तर देवळाच्या सभामंडपाच्या छपराचं काम तुझं, नाही तर नांदुऱ्याच्या मिस्त्रीचं.

ते छप्पर उकंडराव दहा वर्षं मनातल्या मनात कोरत होता. घरी आला, पण बूड टेकेना. चुलीपासून दारापर्यंत, दारापासून चुलीपर्यंत. शेवटी भाकरी थापता थापता त्याची बायको गोजरबाई वैतागली.

"चुलीचा धूर कुठून जाते? वरून. मंग गरमी काय दारातून रामराम करून जाईन?"

तो चालता चालता थबकला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून आढ्यालगतच्या काचांची अख्खी ओळ काढली, खालच्या काढून तिथं ओली गोणपाटं टांगली, उरलेल्यांवर चुन्याचा पातळ हात फिरवला. स्वतःच बुजवलेल्या फटी स्वतःच पटाशीनं उकरल्या.

दुपारी पाटील आले, वर पाहिलं.

"काचा काढल्या काऊन बे?"

"बसा तं खरं, पाटील."

बसले. गोणपाटांतून ओलसर झुळूक शिरली आणि तापलेली हवा वरच्या वर निघून गेली. पाटील घोरू लागले, तेही असे की छपरावरचे कावळे उडाले. उकंडराव एक डोळा वेलींवर, एक पाटलावर ठेवून चुळबुळत होता. घटका उलटून गेल्यावर पाटील जागे झाले.

"सभामंडप तुले देला. पण पाण्या-पावसाचं काय?"

उकंडराव दचकला. ते त्याच्या ध्यानातच नव्हतं. पाया पडायचं सोडून तो शिडीवर चढला आणि आढ्यावर हात धरून मापं घेऊ लागला. गरमी निघावी आणि पाणी शिरू नये म्हणून वर दुसरं लहान छप्पर किती उचलून बसवावं? वीतभर? दीड वीत?

"मंडपाचं उद्या बोलू, पाटील," तो वरूनच म्हणाला.